जीटी३ घ्यायची, पण ट्रॅकवर न्यायची नाही: निवड, सेटिंग आणि सांभाळ

पोर्श ९११ जीटी३ (९९२ पिढी, २०२१ पासून) म्हणजे नंबर प्लेट लावलेली रेसची गाडीच. टर्बो नसलेलं ४ लिटरचं सहा सिलिंडर इंजिन, ५१० पीएस, ९००० आरपीएमची रेडलाइन, साध्या ९११ पेक्षा २० मिमी खाली बसलेली बॉडी. आपल्याकडे ती ट्रॅकवर न्यायची म्हटलं तर ग्रेटर नोएडाचं बुद्ध, कोइम्बतूरचं कारी, चेन्नईजवळचं इरुंगट्टुकोट्टई. मुंबई-पुण्याच्या माणसाला तिन्ही लांब. त्यामुळे गाडी घेतली ती फक्त रस्त्यावर चालवायला, हे सरळ मान्य करावं. त्यात कमीपणा काहीच नाही. मात्र मग तिची निवड आणि सांभाळही रस्त्याच्या हिशेबाने हवा.

ट्रॅकवर गाडी झिजते. रस्त्यावरच्या गाडीची दुखणी वेगळी: इंजिन पुरतं गरम व्हायच्या आत बंद होतं, गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहते, आणि खालून घासते. पुढचं बहुतेक सगळं या तीन गोष्टींबद्दल आहे.

ऑर्डर देण्याआधी

आरएसचा, म्हणजे जीटी३च्या आणखी टोकाच्या ट्रॅक आवृत्तीचा, विचार पहिल्यांदा डोक्यातून काढा. जीटी३ आरएसच्या पंखाचा आणि बॉडीचा डाउनफोर्स (हवेने गाडी खाली दाबणारा जोर) ताशी २०० ला ४०९ किलो आणि ताशी २८५ ला ८६० किलो आहे. ताशी १०० च्या रस्त्यावर त्याचा उपयोग शून्य. उलट, पुढच्या डिकीची जागा मोठ्या रेडिएटरने खाल्लेली असते, त्यामुळे दोन बॅगाही ठेवता येत नाहीत. जीटी३ मध्ये ही डिकी शाबूत आहे.

रस्त्यासाठी सगळ्यात शहाणी निवड म्हणजे जीटी३ टूरिंग. इंजिन तेच, सस्पेंशन तेच. फक्त मागचा स्थिर पंख नाही, त्याऐवजी वेगात आपोआप वर येणारा स्पॉयलर. सिग्नलला फोटो काढणारे कमी होतात, हा फायदा चालवायला लागल्यावर कळतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या सुधारित गाडीत टूरिंगला मागच्या सीटचाही पर्याय आहे. त्या गाडीचं टॉर्क ४७० वरून ४५० न्यूटन मीटर झालं, पण फायनल ड्राइव्ह (चाकांकडे जाणारं शेवटचं गिअर प्रमाण) ८ टक्के आखूड केल्यामुळे रस्त्यावर ती मंद वाटत नाही.

फ्रंट अ‍ॅक्सल लिफ्ट हवीच. नाक सुमारे ३० मिमी वर उचलते. ती नसलेली जुनी गाडी स्वस्तात मिळाली तरी सोडून द्या. नंतर बसवायची म्हणजे पंप, पाइप, डॅम्पर, वायरिंग सगळंच आलं.

फिक्स्ड कार्बन बकेट सीट शोरूममध्ये मोहात पाडते. पण बाजूचे कठडे उंच, पाठ मागे होत नाही, आणि सोसायटीच्या अरुंद पार्किंगमध्ये दार अर्धंच उघडलं की बाहेर पडणं म्हणजे व्यायाम. ऑर्डर देण्याआधी त्या सीटवर निदान अर्धा तास बसून बघा. कंबरेचा त्रास असेल तर सरळ इलेक्ट्रिक अ‍ॅडजस्ट होणारी स्पोर्ट सीट घ्या. क्लबस्पोर्ट पॅकेजचा रोल बार आणि सहा पॉइंटचा हार्नेस रस्त्यावर नको. हेल्मेट नसताना डोक्याजवळ लोखंडी नळी असणं धोक्याचंच.

सिरॅमिक ब्रेक (पीसीसीबी) चांगले आहेत, वजन वाचवतात, पण रस्त्यावर त्यांची खरी ताकद कधी लागतच नाही. आणि चाक काढताना रिमचा धक्का बसून डिस्कची कड उडाली, की बिल पाहून घाम फुटतो. लोखंडी डिस्कच घ्या. लाल कॅलिपर, पुढे ४०८ मिमी, मागे ३८० मिमी. रस्त्याला त्या पुरून उरतात.

गिअरबॉक्सचा निर्णय मात्र शहरावर ठरतो. रोज अंधेरी-लोअर परळ करणार असाल तर पीडीके, म्हणजे पोर्शचा दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. रविवारी पहाटेच गाडी काढणार असाल तर सहा गिअरचं मॅन्युअल. रस्त्याच्या वेगात करायला काहीतरी उरतं. २०२४ च्या सुधारणेआधीच्या पीडीके गाडीत पहिला गिअर ९००० ला ताशी पाऊणशेच्या आसपास संपतो आणि दुसरा १२० च्या. म्हणजे एक्सप्रेसवेच्या १०० च्या मर्यादेत दुसऱ्या गिअरमध्ये साडेसात हजारापर्यंत जाता येतं, आणि समृद्धीवर १२० ला दुसरा जवळजवळ पूर्ण. या गाडीची रस्त्यावरची मजा एवढ्याच दोन गिअरमध्ये आहे. ती कळली की तिसऱ्याचा हव्यास सुटतो.

जुनी गाडी घेत असाल तर इंजिन कंट्रोल युनिटमधला ओव्हररेव्ह अहवाल (इंजिन मर्यादेपलीकडे किती वेळा फिरलं याची रेंजवार नोंद) अधिकृत वर्कशॉपमधून काढून घ्या. मॅन्युअल गाडीत तर हे सोडूच नका. घाईत चुकीचा खालचा गिअर पडला की रेव्ह लिमिटर वाचवू शकत नाही, आणि त्याची नोंद त्या युनिटमध्ये राहते. वरच्या रेंजमध्ये आकडे दिसले तर गाडी कितीही चकचकीत असो, पुढे निघा.

टायर: सगळ्यात आधी बदलायची गोष्ट

कारखान्यातून गाडी मिशलिन पायलट स्पोर्ट कप २ किंवा त्याच जातीच्या टायरवर येते. पुढे २५५/३५ झेडआर २०, मागे ३१५/३० झेडआर २१. कोरड्या, गरम रस्त्यावर त्यांना तोड नाही. पण त्यांची खाच मुळातच उथळ आणि पाणी बाहेर फेकणाऱ्या चरी कमी. मागचं टायर ३१५ मिमी रुंद आणि गाडी १४३५ किलोची, म्हणजे साचलेल्या पाण्यावर ती तरंगायला वेळ लागत नाही. थंडीतही तीच गत. डिसेंबरच्या पहाटे महाबळेश्वरला पारा दहाच्या खाली असतो तेव्हा पहिले काही किलोमीटर टायर दगडासारखं कडक असतं. ट्रॅक्शन कंट्रोल बंद करायची ती वेळ नव्हे.

इथे एक सोय आहे, जी फार जणांच्या लक्षात येत नाही. ९९२ टर्बो एसचे टायर अगदी याच मापाचे आहेत. त्यामुळे पोर्शची एन खूण (कंपनीच्या मान्यतेची) असलेले रस्त्याचे टायर या मापात मिळतात. पावसाळ्यात गाडी काढणारच असाल तर मे महिन्यातच ते चढवा आणि कप २ दिवाळीपर्यंत सावलीत ठेवा. चारही टायर एकाच जातीचे हवेत. पुढे कप आणि मागे साधे असा घोळ घातला तर गाडीचा तोल बिघडतो. टायर बदलले की मेन्यूमधल्या टायर प्रेशरच्या पानावर टायरचा प्रकारही बदला, नाहीतर सिस्टिम चुकीच्या आकड्याशी तुलना करत बसते.

हवा सकाळी, गाडी हलवण्याआधी तपासा. आकडा दाराजवळच्या स्टिकरवर किंवा पुस्तिकेत आहे तोच. गाडी कडक वाटते म्हणून हवा कमी करणाऱ्यांना एवढंच सांगतो: ३० आणि ३५ प्रोफाइलच्या टायरला भिंतच कुठे असते? खड्ड्यात रिमची कड थेट बसते आणि भिंतीला आतून फुगा येतो. फुगा आलेलं टायर दुरुस्त होत नाही.

रस्त्यावर कप २ झिजण्याआधी म्हातारं होतं. बाजूला अंडाकृतीत चार आकडे असतात: २३२२ म्हणजे २०२२ सालचा २३वा आठवडा. खाच भरपूर असली तरी पाच-सहा वर्षांनी रबर कडक होतं. समृद्धीच्या काँक्रीटवर मे महिन्याच्या दुपारी तसल्या टायरवर १२० ने जाणं म्हणजे विषाची परीक्षा.

पंक्चर झालं तर? स्टेपनी नाही. सीलंटची बाटली आणि कॉम्प्रेसर असतो, तो फक्त वर्कशॉप गाठण्यापुरता. मधल्या भागातला खिळा असेल तर टायर उतरवून आतून मशरूम पॅच. रस्त्याकडेला बाहेरून काडी खुपसून केलेला जुगाड या टायरवर चालवू नका. भिंतीत खिळा असेल तर टायर गेलं.

सेंटर लॉक चाक: गल्लीतल्या गॅरेजला देऊ नका

चाकाला पाच बोल्ट नाहीत, मधोमध एकच मोठं नट आहे, ६०० न्यूटन मीटरने आवळायचं. अंदाज यावा म्हणून: एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला सुमारे ६१ किलोचा जोर. न्यूमॅटिक गनने हे काम करणारा हात दिसला की चावी परत घ्या.

१. गाडी सपाट जागेवर, जॅक नेमून दिलेल्या पॉइंटवरच. आत एकजण ब्रेक दाबून बसलेला हवा, नाहीतर चाक फिरतं.

२. मधली टोपी काढा, कंपनीचं सॉकेट पूर्ण आत बसवा. सॉकेट आतली स्प्रिंगची लॉक पिन दाबतं. अर्धवट बसलं तर पिनचे दात खरवडतात.

३. नट काढल्यावर ते आणि हब दोन्ही कापडाने पुसा. जुनं ग्रीस, धूळ काही उरू देऊ नका. पुस्तिकेत सांगितलेलं ग्रीस सांगितलेल्या जागीच, पातळ थरात लावा. जास्त ग्रीस चांगलं, हा समज इथे खोटा.

४. ६०० ला आवळा, पाव फेरा सैल करा, पुन्हा ६०० ला आवळा. हा मधला पाव फेरा अनेकजण गाळतात. त्याने नट नीट मधोमध बसतं.

५. सॉकेट काढल्यावर लॉक पिन बाहेर आली आहे का ते डोळ्याने पाहा, बोटाने चाचपा. पिन आत राहिली असेल तर गाडी हलवायची नाही.

सॉकेट कायम गाडीत ठेवा. टोईंगची पाळी आली तर फक्त फ्लॅटबेड. मागची चाकं टेकवून ओढू देऊ नका. ओढायचा हुक पुढच्या डिकीतल्या हत्यारांत असतो. तो कुठे आहे हे आधीच पाहून ठेवा, रात्री घाटात शोधायला नको.

अलाइनमेंट

जीटी३ मध्ये कँबर (समोरून पाहता चाकाचा आत-बाहेर कल) खालच्या आर्ममधल्या शिमने, म्हणजे पातळ चकत्यांनी, बदलतो. जुन्या मालकाने ट्रॅकसाठी शिम वाढवून ठेवले असतील तर पुढची टायरं आतल्या कडेने झिजत असतात, आणि बाहेरून बघणाऱ्याला ते दिसत नाही. स्टिअरिंग पूर्ण वळवून आतली कड हाताने चाचपा. रस्त्यासाठी पुढे उणे दीड अंशाच्या आसपास पुरतं. पण टायर खाण्यात कँबरपेक्षा 'टो'चा, म्हणजे वरून पाहता चाक आत-बाहेर वळलेलं असण्याचा, हात मोठा. एक मोठा खड्डा बसला की टो हलतो, म्हणून वर्षातून एकदा, साधारण पावसाळा संपल्यावर, अलाइनमेंट करून घ्या. मशीनवर चढवण्याआधी टाकीत पेट्रोल असावं आणि टायरची हवा बरोबर असावी, नाहीतर आकड्यांना अर्थ नाही. स्टिअरिंग व्हील सरळ आणि रीडिंगचा छापील कागद हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका.

पुढच्या डिफ्यूझरला (गाडीखालची हवा वळवणारा भाग) आणि मागच्या पंखाला हाताने बदलायच्या चार पोझिशन आहेत. रस्त्यावर त्या कारखान्याच्या मूळ जागीच ठेवा. सगळ्यात जास्त डाउनफोर्सवाली पोझिशन ट्रॅकसाठी राखलेली आहे. पीएएसएम सस्पेंशनचं (कडकपणा बदलता येणाऱ्या डॅम्परचं) बटण आपल्या रस्त्यांवर नॉर्मलला. स्पोर्टमध्ये गाडी खड्ड्याखड्ड्याला उडते आणि चाक जमिनीवर टेकायलाच वेळ मिळत नाही. सांध्यांत रबरी बुशऐवजी बॉल जॉइंट असल्यामुळे धुळीत टकटक ऐकू आली तर घाबरू नका, पण पुढच्या सर्व्हिसला तपासून घ्या.

स्पीड ब्रेकर आणि रॅम्प

इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे स्पीड ब्रेकर १० सेंमी उंच, ३.७ मीटर रुंद आणि १७ मीटर त्रिज्येचा असतो. असा ब्रेकर ही गाडी लिफ्ट वापरून हळू ओलांडते. पण सोसायटीच्या गेटसमोर रात्रीत सिमेंट ओतून केलेला, वीतभर रुंदीचा उंचवटा कुठल्याच नियमात बसत नाही.

लिफ्टचं बटण १५-२० मीटर आधीच दाबा आणि नाक वर आल्याची खूण पडद्यावर दिसेपर्यंत थांबा. अरुंद ब्रेकर तिरका घ्या, एकेक चाक चढवत. पुढचं चाक चढायच्या आधी ब्रेक सोडून द्या. ब्रेक दाबलेला असेल तर नाक खाली बसतं आणि लिफ्टने दिलेली उंची तिथेच जाते. चढल्यावर अ‍ॅक्सिलरेटर अजिबात नाही. खाली उतरतानाही तोच संयम, कारण मागचा डिफ्यूझर अजून यायचा असतो.

बेसमेंटच्या रॅम्पला खरी अडचण माथ्यावर येते, आणि तिथे लिफ्ट अर्धंच काम करते, कारण ती फक्त पुढून उचलते. गाडीचा व्हीलबेस २४५७ मिमी आहे. घ्यायच्या आधीच मोजून बघा: गाडीखालच्या सगळ्यात खालच्या भागाची उंची शोरूममध्ये टेपने मोजा, तेवढ्याच उंचीचे दोन ठोकळे रॅम्पच्या माथ्याच्या अलीकडे-पलीकडे २४५७ मिमी अंतरावर ठेवा आणि त्यांच्या वरून दोरी ताणा. माथा दोरीला लागला तर गाडीचं पोटही लागणार. मग पार्किंग बदला किंवा कमिटीशी बोलून माथा घासून घ्या. दुसरा मार्ग सहसा सोपा नसतो.

पुढच्या बंपरखालची काळी प्लास्टिकची लिप सुटी बदलता येते. ती घासण्यासाठीच आहे. एक जादा आणून ठेवा. रंगीत बंपर मात्र वाचला पाहिजे: त्याला, बॉनेटला आणि मागच्या चाकांच्या पुढच्या फुगीर भागाला पीपीएफ (रंग वाचवणारी पारदर्शक फिल्म) लावा. चिकट टायर खडी उचलतात आणि ती नेमकी तिथे आदळते.

इंजिन गरम होऊ द्या

पाण्याचा काटा पाच-सात मिनिटांत वर येतो. तेलाला बराच जास्त वेळ लागतो. तुम्हाला तेलाचा काटा बघायचा आहे. सुरू केल्यावर उभं ठेवून गुरगुरवू नका, अर्ध्या मिनिटात निघा. तेल ८० अंशांच्या खाली असेपर्यंत ४००० च्या वर जाऊ नका, ९० नंतर मोकळीक. नव्या गाडीचा रनिंग-इन काळ आणि त्यातली आरपीएम मर्यादा पुस्तिकेत आहे, ती पाळा.

दूध आणायला ही गाडी नको, याचं कारण इथेच आहे. दहा मिनिटांच्या फेरीत तेलात मिसळलेलं पेट्रोल आणि पाण्याचा अंश उडून जात नाही, साचत जातो. एकदा काढली की निदान चाळीस मिनिटं फिरवा, आणि मोकळा, कोरडा रस्ता मिळाला की दोन-तीनदा वरच्या आरपीएमपर्यंत जाऊ द्या. तेल किलोमीटर कितीही कमी झाले तरी वर्षातून एकदा बदला, पुस्तिकेत दिलेल्या पोर्श मान्यतेचंच.

तेलाची पातळी पडद्यावर दिसते. गाडी सपाट, इंजिन पूर्ण गरम, आयडलवर. थंड गाडीत आकडा बघून लिटरभर ओतणारे असतात. ड्राय संपच्या (तेल वेगळ्या टाकीत ठेवणाऱ्या) इंजिनात जादा तेल हवेच्या वाटेने इनटेकमध्ये जातं आणि मागून निळा धूर येतो. पाव लिटर टाका, फिरवून आणा, पुन्हा बघा.

पेट्रोल: कंपनीची शिफारस ९८ ऑक्टेनची. मुंबई-पुण्यात निवडक पंपांवर १०० ऑक्टेनचं पेट्रोल मिळतं, इंडियन ऑइलचं एक्सपी१०० त्यातलंच. तेच भरा. प्रवासात नाही मिळालं तर ९५, आणि तेव्हा वरचे आरपीएम टाळा. इथेनॉलचं किती प्रमाण चालतं ते इंधनाच्या झाकणाच्या आत लिहिलेलं असतं. गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर इथेनॉलवालं पेट्रोल टाकीत ठेवून जाऊ नका, ते ओल शोषतं.

ट्रॅफिकमध्ये पीडीके इंचाइंचाने सरकवू नका. पुढे गाडीभर जागा होऊ द्या, मग सोडा. चढावर अ‍ॅक्सिलरेटरने गाडी रोखून धरणं म्हणजे क्लच भाजणं. आणि पुढच्या बंपरच्या जाळ्यांमागे सुकी पानं, प्लास्टिकच्या पिशव्या, खडे अडकतात. रेडिएटरपुढे बारीक स्टीलची जाळी बसवून घ्या आणि दर दोन-तीन महिन्यांनी हलक्या पाण्याने आतला कचरा काढा. प्रेशर वॉशर जवळून मारला तर एसी कंडेन्सरचे पंख दुमडतात. समुद्राजवळ राहत असाल तर हे काम आणखी लवकर करा, खारी हवा कंडेन्सर खाते.

ब्रेक

हळुवार चालवलेल्या लोखंडी डिस्कवर गंज धरतो आणि पॅडवर चकाकी येते. मग सिग्नलला चिरका आवाज. महिन्यातून एकदा रिकाम्या रस्त्यावर, मागे कोणी नसताना, ९० वरून ३० पर्यंत पाच-सहा वेळा ठाम ब्रेक लावा, मध्ये मिनिटभर चालवून थंड होऊ द्या, पण पूर्ण थांबू नका. धुतल्यावर ओली गाडी तशीच झाकून ठेवू नका, एक चक्कर मारून डिस्क कोरड्या करा. ब्रेक फ्लुइड दर दोन वर्षांनी.

उभी राहणारी गाडी

स्टार्टर बॅटरी लिथियमची असेल तर चार्जरही लिथियमचाच. शिशाच्या बॅटरीसाठीचे काही चार्जर 'रिकंडिशन'च्या नावाखाली जास्त व्होल्टेज देतात, तो मोड चालत नाही. दोन आठवड्यांहून जास्त उभी राहणार असेल तर चार्जर लावूनच ठेवा. हवा पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे वाढवा, नाहीतर कप २ खालून चपटं होतं. हँडब्रेक न लावता पी मध्ये (मॅन्युअल असेल तर गिअरमध्ये), चाकाला ठोकळा लावून. कव्हर श्वास घेणारं हवं. पावसाळ्यात प्लास्टिकखाली बुरशी धरते. आणि उंदीर. तळघरात त्यांना वायरिंगच्या आवरणाची चटक लागली की हजारोंचा हार्नेस जातो. आजूबाजूला धान्य, कचरा नको. पिंजरा लावा आणि दर आठवड्याला इंजिनचं झाकण उघडून लेंड्या दिसतात का ते बघा.

कागदपत्रं

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कारखान्याच्या मूळ रचनेत फेरफार चालत नाही. बाजारातला मोठ्या आवाजाचा एक्झॉस्ट बसवला तर आरटीओ आणि विमा कंपनी दोघांनाही बोट दाखवायला जागा मिळते. गाडीचा मूळ आवाज पुरेसा आहे. विमा घेताना झीरो डेप्रिसिएशनसोबत इंजिन प्रोटेक्ट आणि टायर-रिम संरक्षण वेगळं मागून घ्या, कारण इथे खड्ड्याने रिम जाण्याची शक्यता अपघाताहून जास्त. खाजगी गाडीच्या पॉलिसीत शर्यत आणि स्पीड टेस्टिंग वगळलेलं असतं, म्हणून उद्या मित्राच्या आग्रहाखातर एखाद्या ट्रॅक डेला जायचं ठरलंच तर आधी विमा कंपनीकडून लेखी उत्तर घ्या.